उजेडाचा ग्रेडर

वासुदेव गावंडे हे नाव मी पहिल्यांदा लिहिलं ते एका पत्रकात, ठळक अक्षरात. माणूस पाहिलेला नव्हता. पाहायची गरजही वाटली नव्हती. पत्रकाला आरोपी लागतो आणि तो एका ओळीत बसावा लागतो. आमचे आरोपी तीन होते. अमरावतीत बडनेरा रोडला गाड्यांची नवी शोरूम काढणारे शेठ, त्यांना गाड्या पुरवणारी कंपनी, आणि त्या शोरूमच्या बाहेरच्या एलईडी दिव्यांचा नकाशा करणारा अकोल्याचा कुणी गावंडे. ‘मुलींच्या वसतिगृहाची झोप उडवणाऱ्या बारा खांबांचा जवाब द्या!’ असं मथळ्यात होतं.

पत्रक वाटल्यावर चौथ्या दिवशी आमच्या संघटनेच्या ऑफिसात एक उंच, वाळका म्हातारा आला. ऑफिस म्हणजे एका कोचिंग क्लासच्या जिन्याखालची खोली. म्हाताऱ्याला वाकून यावं लागलं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, हातात आमचंच पत्रक. भांडायला आला, असं वाटून मी बाह्या सरसावल्या.

“हे तुमी लिवलं काय, बाई?”

“हो, मीच.”

“नाव बराबर हाय माह्यं. पन खांब बारा लिवले. चौदा हायेत.”

खिशातून पेन काढून त्यांनी माझ्यासमोर बाराचे चौदा केले. “उद्या कोनी मोजले त म्हनन, गावंडेनं दोन लपवले.”

आरोपीनं स्वतःविरुद्धचा आरोप दुरुस्त करून दिल्याचा मला तोवरचा अनुभव नव्हता. मग ते बसले आणि बोट एका शब्दावर ठेवून म्हणाले, “पन हे वसतिगृह कोनतं? शोरूमच्या मांगं त गोदाम हाय.”

“गोदाम होतं. पाच वर्षं झाली, तिथं मुली राहतात.”

त्यांनी पत्रकाची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली.

पुढचं सांगण्याआधी त्यांच्याविषयी मला नंतर कळलेलं सांगते, नाहीतर त्या घडीचा अर्थ लागणार नाही.

गावंडे काका मूळचे दिव्यांचे नव्हेतच, कापसाचे. उभी हयात ग्रेडर म्हणून गेली, आधी अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मग अकोल्याच्या बाजारात. ग्रेडर म्हणजे ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढणारा, तो बोटांनी ताणून धागा बघणारा, उजेडाकडे धरून सफेदी बघणारा आणि प्रत सांगणारा माणूस. त्याच्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. काकांचा नियम होता, “हात ढिगातून काहाडला आन् बोललो, का बोल पक्का. मंग शेठ आला तरी नाही बदलत, कास्तकार रडला तरी नाही बदलत. आज दयेनं बदलला त उद्या पैशानं बदलन.”

जिन बंद पडलं, पुढे बाजारातलं कामही सुटलं, तेव्हा भाच्यानं त्यांना आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसवलं. बसायला म्हणून गेलेला म्हातारा महिन्याभरात दुकानाचा मालक असल्यासारखा बोलायला लागला, कारण एलईडी आले होते आणि प्रत्येक डब्यातला पांढरा निराळा होता. भाच्याला सगळे सारखे दिसत. काकांना त्यात दुधी दिसे, पिवळट दिसे, निळसर दिसे, आणि एक प्रकार होता त्याला ते ‘कवडी’ म्हणत. कवडी म्हणजे डाग पडलेला, उतरलेला कापूस. “हा बल्ब कवडी हाय, वापस कर,” असं ते भाच्याला सांगत आणि भाचा कंपनीच्या माणसाला ते कोणत्या भाषेत समजवावं म्हणून डोकं धरून बसे.

सदऱ्याच्या खिशात चिमूटभर रुई कायम असायची. नवा दिवा लावला की ती तळहातावर ठेवून दिव्याखाली धरायची. लक्स मीटर भाच्याकडे होता, त्याचाही आकडा ते लिहून घेत, पण आधी रुई. “मीटर उजेड किती ते सांगते. उजेड खरा का खोटा ते कोन सांगन?”

अकोल्यातल्या एका साडीवाल्याची गोष्ट भाचा रंगवून सांगतो. त्याला लग्नसराईच्या आधी दुकानभर सोनेरी उजेड पाहिजे होता. जरीला त्यात अशी काही झळाळी यायची की बाया हात लावल्याशिवाय पुढे जाईनात. काकांनी रुई धरली, पाहिली, आणि लावलेले दिवे उतरवायला शिडी मागितली. साडीवाला हात जोडून म्हणाला, “काका, गिऱ्हाईकाले रंग आवडला म्हंजे झालं नं!”

“गिऱ्हाईक साडी घरी नेते, लेका. बल्ब नेत नाही.”

दिवे उतरले. साडीवाला सहा महिने बोलला नाही. मग त्यानंच दुसऱ्या दुकानासाठी बोलावलं, कारण साड्या परत येणं थांबलं होतं. असं करत दुकानं मिळत गेली, आणि एका मे महिन्यात अमरावतीच्या शेठचा फोन आला.

शेठला काय पाहिजे होतं ते शेठनं एका वाक्यात सांगितलं होतं, “विमानतळावानी दिसलं पाहिजे.” काका तीन दिवस अकोल्याहून एसटीनं येऊन त्या मोकळ्या जागेत सकाळ-संध्याकाळ हिंडले. नकाशा मी नंतर पाहिला. कागदावर पट्टीनं काढलेला, खांबागणिक उंची, दिव्याचं तोंड किती खाली, कोणत्या रांगेवर किती उजेड. मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी समजावलं. “गाडी म्हंजे आरसा, बाई. आरशावर दिवा मारला त दिवाच दिसते, गाडी नाही दिसत. म्हनून समोरची भित उजळाची, तिचा उजेड गाडीवर पडू द्याचा.” रस्त्याकडच्या प्रत्येक दिव्याला त्यांनी टोपी बसवली होती, टू-व्हीलरवाल्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये म्हणून. शेठ म्हणे, टोप्यांनी दिवे लांबून दिसत नाहीत. काका म्हणाले, “लोकं दिवे पाहाले येतीन का गाड्या?”

म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांची काळजी घेणारा हा माणूस. आणि मागच्या आवारातले, नवा माल उभा असतो तिथले चार खांब त्यानं टोपीशिवाय, तोंड वर करून, थेट भिंतीवरच्या खिडक्यांवर रोखले होते. पत्रकातला माझा संताप या चार खांबांवर उभा होता आणि तो खोटा नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना वसतिगृहात नेलं. पुढच्या गल्लीतून, पाटीखालून. पाटी त्यांनी दोनदा वाचली. आत लांबच लांब हॉल, मध्ये पत्र्याचे आडोसे, पलंगाला पलंग. मुली बहुतेक धारणीकडच्या, काही मोर्शीच्या, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी आलेल्या. मार्च लागला होता. भिंतीच्या वरच्या अंगाला ओळीनं खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला सिमेंटच्या पोत्यांचे तुकडे, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर चिकटपट्टी. वारा यायला तेवढीच जागा होती, तीच बंद. पंखे गरम हवा ढवळत होते.

दिवस मावळला आणि मागचे दिवे लागले. पोत्यांच्या विणीतून, वर्तमानपत्रांच्या अक्षरांतून उजेड आत आला. हॉलमध्ये सावल्या पडल्या, दुपारी पडतात तशा.

काका एका पलंगाच्या कडेवर बसले होते. ज्या मुलीचा पलंग होता ती फुलवंती, धारणीच्या पुढच्या गावची. ती म्हणाली, “आमच्या गावात लाइट जाते म्हणून अभ्यास होत नाही, काका. इथं जातच नाही म्हणून झोप होत नाही. पोती काढली तर उजेड, लावली तर उकाडा. आम्ही एक दिवस काढतो, एक दिवस लावतो.”

“परीक्षा कधी हाय, माय?”

“सहा आठवड्यांनी.”

काकांचा सदरा पाठीला चिकटला होता. वर बघत ते माझ्याशी बोलले की स्वतःशी, कळलं नाही. “या खिडकीखाली मी बारा वर्सं गाठी मोजल्या.”

मग हळूहळू सांगितलं. हे त्यांच्याच जिनाचं गोदाम. कापसाच्या गोदामात वायर ओढत नाहीत, दिवा लावत नाहीत. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून दिवे बाहेर, खांबावर, आणि तोंड खिडकीकडे, की आत हमालाला गाठी दिसाव्या आणि चोरालाही कळावं की दिसतं आहे. नकाशा केला तेव्हा मे होता, मुली सुटीला गावी, मागचं दार बंद. त्यांनी भिंत ओळखली, खिडक्या ओळखल्या, कागदावर ‘गोदाम’ लिहिलं आणि गोदामाला द्यायचा तसा उजेड दिला. कुणी सांगितलं नव्हतं. अनोळखी इमारत असती तर चौकशी केली असती.

“मी पाह्यलंच नाही,” ते म्हणाले. “मले मालूम होतं म्हनून पाह्यलं नाही.”

मला वाटलं, झालं. नकाशा करणारा कबूल आहे, आता चार दिवे खाली करायला किती वेळ लागतो! दुसऱ्याच दिवशी काका भाच्याला आणि शिडीला घेऊन आले. शोरूमच्या वॉचमननं फाटक उघडलं नाही. शेठ आम्हाला सापडले ते चार दिवसांनी. बसवलं, थंड पाणी दिलं, आणि म्हणाले, “ताई, मीच अडकलो आहे. नकाशा कंपनीनं पास केला. एक दिवा हलवला तर माझी डीलरशिप हलते. कंपनीच्या साहेबांना भेटा.”

हे ‘मीच अडकलो आहे’ मी त्या महिन्यात इतक्या तोंडून ऐकलं की त्याचंच एक पत्रक काढावं असं वाटलं. वसतिगृहाचे संचालक अडकले होते, कारण शोरूमच्या शेठनं त्यांना पाण्याची टाकी दिली होती. महापालिकेतला बाबू अडकला होता, कारण दिव्याच्या तक्रारीचा रकाना फॉर्ममध्ये ‘दिवा बंद आहे’ एवढाच होता. या देशात अडकलेली माणसं एसीत बसतात आणि मोकळी माणसं सिमेंटच्या पोत्यामागे उकडतात.

काकांनी मात्र एक कागद मागितला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मागील चार खांबांचा नकाशा मी चुकीचा केला. चूक माझी आहे.’ भाचा म्हणाला, “मामा, आयुष्यात बोल बदलला नाही तुमी.” काका म्हणाले, “हात ढिगात घातलाच नव्हता, मंग बोल कायचा?” तो कागद घेऊन आम्ही कंपनीच्या साहेबाला भेटलो. तो पंधरा दिवसांनी शोरूम तपासायला आला होता. तरुण, मवाळ, इस्त्रीचा. कागद वाचून त्यानं तो हळूच परत सरकवला.

“याचा उपयोग नाही. नकाशा चूक म्हटला की पास करणारे आमचे वरचे साहेब चुकले असं होतं. ते होणार नाही.”

“पण चूक झाली आहे!” मी ओरडले.

“मॅडम, झाली असेल. नोंदवता येत नाही.” मग आवाज उतरवून, जणू उपकारच करत, तो म्हणाला, “एक मार्ग आहे. नकाशा करणारी व्यक्तीच अपात्र होती असं निघालं तर नकाशा आपोआप रद्द. नवा माणूस, नवा नकाशा. आठ दिवसांत. काकांचं वय बघता... नजर वगैरे. तसं त्यांनी लिहून दिलं, मी जरा खात्री केली, की झालं.”

भाचा उठून उभा राहिला. “साहेब, तोंड सांभाळून. अख्ख्या वऱ्हाडात यांच्यासारखी नजर—”

“बस,” काका म्हणाले.

बाहेर, चहाच्या टपरीवर, त्यांनी मला विचारलं, “दुसरा रस्ता सांगा, बाई. तुमी लढनाऱ्या.”

मी सांगितला. धरणं, निवेदन, सुनावणीची तारीख, मग पुढची तारीख. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की यातलं काहीही परीक्षेच्या आधी होणार नाही.

“तीन हप्ते राह्यले पोरीईचे,” ते म्हणाले. कप अर्धा होता, तसाच ठेवला. “लिवा तुमी. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

तो अर्ज मी लिहिला. खऱ्यासाठी गळा फोडणारी मी, त्या टपरीच्या फळीवर टेकून एका धडधाकट माणसाला अधू करणारी पाच वाक्यं लिहीत होते आणि शब्दांना अडखळतही नव्हते. सवयीचा हात होता. ‘गेली दोन वर्षे मला रंगांतील व उजेडातील फरक नीट दिसत नाही.’ काकांनी वाचलं. एक शब्द बदलायला सांगितला, ‘दोन’च्या जागी ‘तीन’. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका सराफाचं काम केलं होतं, तेव्हा यांची नजर चांगली होती असं उद्या त्या सराफाला म्हणता येऊ नये. “खोटं बोलाचं त पुरं बोलाव,” म्हणाले. सराफ पुढे कधी त्यांना बोलावणार नाही, हे त्यांना त्याच वेळी कळत होतं.

खात्री शोरूमच्या आतच झाली. साहेबानं कपाटातून गाड्यांच्या रंगांच्या दोन पट्ट्या काढल्या. दोन्ही पांढऱ्या. एक साधा पांढरा आणि एक मोत्याच्या झाकेचा, ज्याचे गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजतं. मला नीट बघितल्यावर फरक कळला. काकांना दारातूनच कळला असणार. साहेबानं पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या.

“काका, यातली मोतिया कोणती?”

काकांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. डोळे बारीक केले नाहीत, मान वाकडी केली नाही, काही सोंग केलं नाही. त्यांना सोंग येतच नव्हतं. नुसते बघत राहिले. भाच्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. शेठ मोबाइल बघत होते.

“दोन्ही सारख्याच दिसतात, साहेब.”

मग त्यांनी अर्जावर सही केली. सही अगदी रेघेवर होती, एवढीशीही वर-खाली नाही. साहेबाच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलं.

आठ दिवस म्हणाले होते, अकरा लागले. नागपूरहून कुणी आला, मागचे चार दिवे भिंतीकडून वळवून गाड्यांवर झुकवले, त्यांना टोप्या घातल्या. जाता जाता शेठच्या सांगण्यावरून रस्त्याकडच्या टोप्या काढून टाकल्या. आता तिथून रात्री जाणारा प्रत्येक जण डोळ्यांवर हात घेतो. मुलींनी पोती काढली. चिकटपट्टीचे चौकोन भिंतीवर राहिले. त्या झोपल्या. परीक्षा दिली. फुलवंतीचा नंबर लागला, दुसऱ्या तिघींचाही लागला. आम्ही पत्रक काढलं, ‘एकजुटीचा विजय!’ त्यात गावंडे हे नाव नव्हतं. काय म्हणून लिहिणार होते मी?

अकोल्याला बातमी पोचायला एसटीएवढाच वेळ लागला. गावंडेची नजर गेली, त्यानं स्वतः लिहून दिलं. साडीवाल्यानं सगळं पुन्हा सोनेरी करून घेतलं. भाच्याच्या दुकानात जुनी गिऱ्हाइकं आली की काकांशी मोठ्यानं बोलत, नजर गेलेल्याचे कानही गेल्यासारखे. भाचा एकदा कुणाला खरं सांगायला गेला तर काकांनी त्याला गप्प केलं. उद्या ते अमरावतीपर्यंत गेलं तर नकाशा पुन्हा उघडेल, चार दिवे पुन्हा वर होतील, असं त्यांना पक्कं वाटायचं. तसं काही झालं नसतं, असं मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “तुमाले काय मालूम, बाई. कागद लय दिवस जगते.”

शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, अकोल्याच्या बस स्टँडवर. एप्रिलमधली दुपार. मी फलाटाच्या एका टोकाला होते, काका दुसऱ्या. तेवढ्या गर्दीतून त्यांनी मला माझ्या आधी पाहिलं. त्यांची नजर थेट माझ्यावर येऊन थांबली, ओळखीनं चेहरा हललासुद्धा. आणि मग, मी हात वर करेपर्यंत, ती नजर माझ्यावरून घसरून मागच्या भिंतीवर गेली.

त्यांच्याबरोबर बाजारातला एक जुना हमाल होता. त्यानं काकांचा दंड घट्ट, मायेनं धरला होता आणि तो त्यांना पाट्या वाचून दाखवत होता. “ही मूर्तिजापूर हाय, काका. ही नाही आपली. ते पाहा, तुमाले दिसत नसन, ते अमरावती लागली.”

मी जवळ गेले. हमाल म्हणाला, “काका, कोनी बाई आली हाय.”

“कोन व्हय?”

मी नाव सांगितलं.

“हो काय. आवाजावरून वळखलं मी.” ते माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होते. “पोरी बऱ्या हायेत?”

“बऱ्या आहेत. फुलवंतीचं पहिलं वर्ष संपत आलं.”

“झालं त मंग.”

हमालानं त्यांना गाडीच्या दाराशी नेलं. “काका, पायरी उंच हाय, सांभाळून.” आजूबाजूच्या लोकांनी जागा करून दिली. दुपारचे दोन वाजले होते, पायरीवरचा गंजाचा ठिपकान् ठिपका मला लांबून दिसत होता. काकांनी एक पाय उचलला, हवेत थांबवला आणि ती पायरी चप्पलेच्या टोकानं चाचपून पाहिली.